विद्यापीठ आणि कारखाना

कापडाच्या दुकानांत गेलेली गृहिणी पातळाचा पदर दोन बोटांत धरून पहिला प्रश्न विचारते तो हा कीं, रंग पक्का आहे ना? दुकानदार 'अगदीं पक्का' असें अर्थातच सांगतो, आणि खरा निकाल घरच्या पहिल्या धुण्यावर सोंपविला जातो. हाच प्रश्न दुकानदाराकडून व्यापाऱ्याकडे आणि व्यापाऱ्याकडून गिरणीच्या रंगखात्याकडे गेला म्हणजे तेथें त्याचें उत्तर देणारीं माणसें दोन प्रकारचीं आढळतात. एकाला कृति ठाऊक असते. इतक्या पाण्याला इतका रंग, इतकें मीठ, इतका वेळ उकळी आणि मग धुलाई, हें त्याच्या हातांत मुरलेलें असतें. दुसऱ्याला कारण ठाऊक असतें. रंगाचा कण सुताच्या तंतूला कां धरून राहतो आणि कां सोडतो, हें तो कागदावर आंखून दाखवूं शकतो. नेहमींचा रंग बाजारांतून नाहींसा झाला किंवा पाण्याची जात बदलली कीं पहिला अडतो. हजार वार कापड टाकींत पडलें असतां तेथल्या तेथें निर्णय करण्याची वेळ आली कीं दुसरा अडतो.

विद्यापीठें आणि उद्योगधंदे यांनीं मिळून अभ्यासक्रम आंखावेत व मिळूनच ते शिकवावेत, असें अलीकडे सर्वत्र ऐकूं येतें. त्याच्या मुळाशीं या दोन माणसांचा एक माणूस करण्याची इच्छा आहे. इच्छा चांगली आहे यांत शंका नाहीं. परंतु ती पुरी करतांना कोणीं कोणाचें किती ऐकावयाचें, याचीं उत्तरें निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळीं मिळालीं. आणि ज्या घरांतलीं मुलें असा अभ्यासक्रम घेतात, त्या घराच्या पुढच्या चाळीस वर्षांशीं त्या उत्तरांचा संबंध येतो.

मुंबईपुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाचा उगम गिरण्यांत आहे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं येथें कापडाच्या गिरणीची कंपनी काढली. १८५६ सालीं ती गिरणी चालू झाली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांच्या धुराड्यांची रांग उभी राहिली, परंतु यंत्रें लँकेशायरचीं, आणि त्यांचीं मर्में जाणणारे वरचे अधिकारीही बहुतेक तिकडचेच. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ सालीं आला. त्या निमित्तानें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिला भायखळ्यास जागा मिळाली ती सर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाकडून. धंद्यानें पैसा व जागा द्यावी, आणि धंद्याला लागणारीं माणसें शाळेनें तयार करून द्यावीं, असा हा सरळ व्यवहार होता. ती संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें माटुंग्यास चालते.

कताईची आणि विणाईची विद्या अशी आली. रंगाची विद्या मात्र डब्यांतून येत राहिली. पहिल्या महायुद्धापूर्वीं जगांतील कृत्रिम रंगांचा फार मोठा भाग जर्मनींत तयार होई. १९१४ सालीं युद्ध जुंपलें, जर्मन डबे यावयाचे थांबले आणि रंगाचे भाव कडाडले. रंगखात्यांतील कृति जशीच्या तशी होती, हातही तेच होते. पण ठराविक डबा मिळाला नाहीं तर काय करावें, हें कृतींत लिहिलेलें नव्हतें. तांत्रिक शिक्षणाचा विचार यानंतर अधिक गांभीर्यानें होऊं लागला. १९२१ सालीं मुंबई सरकारनें विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखालीं या विषयावर एक समिति नेमली. आणि अखेर १ ऑक्टोबर १९३३ रोजीं मुंबई विद्यापीठानें रसायन-तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग उघडला. पुढें तीन पिढ्या 'यूडीसीटी' या चार अक्षरी नांवानें तो ओळखला गेला.

या विभागाच्या आरंभींची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बी. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यांसाठीं दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवण्यांत आला होता, आणि विषय दोन होते. एक वस्त्ररसायन, दुसरा रासायनिक अभियांत्रिकी. वस्त्ररसायन हा उघडच गिरण्यांच्या गरजेचा विषय. मुंबईंत गिरण्या नसत्या तर तो तेथें सुचलाच नसता. रासायनिक अभियांत्रिकी मात्र कोणत्याच एका धंद्याची नव्हे. एकाच छपराखालीं एक विषय शेजारच्या धंद्याचा आणि दुसरा कोणत्याही धंद्याचा नसलेला, ही जोडी वरवर विजोड दिसते. ती विजोड कां नव्हती, हें कळण्यासाठीं थोडा वेळ मुंबई सोडून अमेरिकेंत जावें लागतें. कारण विद्यापीठ आणि कारखाना यांच्या सहकार्याचे दोन निरनिराळे मार्ग तेथें त्यापूर्वींच चोखाळून पाहिले गेले होते.

पहिला प्रयोग सिनसिनाटी या शहरांतला. हें शहर यंत्रें घडविणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यांविषयीं प्रसिद्ध होतें. तेथील विद्यापीठांत १९०३ सालीं हर्मन श्नायडर नांवाचे अध्यापक आले. शिकत असतां ज्यांनीं कोठें तरी काम केलेलें असतें, ते विद्यार्थी पुढें अधिक चांगले अभियंते होतात, असें त्यांच्या पाहण्यांत आलें होतें. मग हें काम मुलाच्या गरिबीवर आणि दैवावर कां सोडावें? तें अभ्यासक्रमांतच कां घालूं नये? अशी त्यांची साधी सरळ विचारसरणी होती. १९०६ सालीं विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं त्यांना एक वर्षाची मुदत दिली, आणि प्रयोग फसला तर जबाबदारी आमची नाहीं, असेंही जातां जातां नमूद करून ठेवलें. नव्या कल्पनेला परवानगी देण्याची ही रीत कांहीं फक्त अमेरिकेपुरती नसावी!

त्या वर्षीं सत्तावीस विद्यार्थी या मार्गानें गेले. व्यवस्था अशी होती कीं, दोन विद्यार्थ्यांची एक जोडी करावयाची. या आठवड्यांत एक जण वर्गांत बसेल व दुसरा कारखान्यांत यंत्रापुढें उभा राहील. पुढच्या आठवड्यांत दोघांनीं जागा बदलावयाच्या. कारखान्याचें काम त्यामुळें एक दिवसही अडत नसे, कारण त्याच्या दृष्टीनें एक माणूस कायम हजर असे. विद्यार्थ्याला कामाचा पगार मिळे. चार वर्षांचा अभ्यास सहा वर्षांवर जाई, पण घरच्यांवरचा भार हलका होई. वर्गांतला अध्यापक आणि कारखान्यांतला फोरमन यांच्यामध्यें दुवा म्हणून विद्यापीठाचा एक माणूस फिरता ठेवलेला असे. मुलगा कारखान्यांत काय करतो हें त्यानें पाहावयाचें आणि वर्गांत त्याची सांगड घालून द्यावयाची. प्रयोग फसला नाहीं. तो अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांनीं उचलला, आणि श्नायडर पुढें त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

या पद्धतीचा गुण मोठा आहे. मराठींत ज्याला उमेदवारी म्हणतात, ती तिनें विद्यापीठाच्या दारांत सन्मानानें आणून बसविली. पण तिची एक मर्यादाही लौकरच दिसूं लागली. आठवड्याला कप्पे पडल्यामुळें अभ्यासाची लय मोडे. म्हणून पुढें आठवड्याच्या जागीं मोठे कालखंड आले. हें सुधारण्यासारखें होतें. सुधारावयास कठीण अशी गोष्ट निराळी. विद्यार्थी जो आठवडा कारखान्यांत घालवी, त्या आठवड्याचा धनी कारखाना असे. त्यानें एकाच यंत्राशीं सहा महिने उभें केलें तर विद्यार्थी एकच यंत्र शिके. पगार देणाऱ्याला काम हवें असतें, आणि एक काम चांगलें येऊं लागलेल्या माणसाला दुसऱ्या, न येणाऱ्या कामावर कोण लावील? शिकणें म्हणजे न येणाऱ्या कामावर जाणें. कमावणें म्हणजे येणाऱ्या कामावर राहणें. हा विरोध फिरत्या दुव्यानें सौम्य होतो, नाहींसा होत नाहीं.

दुसरा प्रयोग याच विरोधाला धरून झाला. बॉस्टनमध्यें आर्थर डी. लिट्ल नांवाचे एक रसायनज्ञ होते. कारखान्यांना सल्ला देणें हा त्यांचा व्यवसाय. स्वतःचा असा एक कारखाना नाहीं, पण गिऱ्हाईक म्हणून अनेकांचे कारखाने आंतून पाहिलेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे ज्या संस्थेला सर्व जग एमआयटी म्हणून ओळखतें, तिच्या रसायनशिक्षणाची पाहणी करण्याचें काम त्यांच्याकडे होतें. १९१५ सालीं त्यांनीं जो अहवाल दिला, त्यांत दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही टिकल्या.

पहिली गोष्ट विचाराची. त्या काळीं रासायनिक धंदे एकेक करून शिकविले जात. साबण कसा करतात, साखर कशी करतात, कातडें कसें कमावतात, आम्ल कसें बनवितात. प्रत्येक धंद्याचें एक स्वतंत्र प्रकरण, आणि प्रकरणें कधींच न संपणारीं. लिट्ल यांचें म्हणणें असें पडलें कीं, कारखान्यांच्या पाट्या शंभर असल्या तरी आंत घडणाऱ्या क्रिया थोड्या आहेत. कोठें कांहीं आटविलें जातें, कोठें गाळलें जातें, कोठें वाळविलें जातें, कोठें वाफ करून पुन्हां थंड केली जाते, कोठें दळलें वा मिसळलें जातें. स्वयंपाकघरांतला दाखला घेतला तर, बासुंदीसाठीं दूध आटविणें आणि गुळासाठीं उसाचा रस आटविणें या दोन निरनिराळ्या विद्या नव्हत. कढई, आंच, रुंद तोंडाचें भांडें लौकर आटतें हा अनुभव, तळाला लागूं नये म्हणून ढवळणें, हें सारें दोन्हीकडे एकच. आटविणें ही क्रिया ज्यानें मुळांतून समजून घेतली, तो मिठागरांत, साखर कारखान्यांत आणि औषधांच्या कारखान्यांत सारख्याच डोळ्यांनीं पाहूं शकतो. या मूलक्रियांवरच विद्यार्थ्याची उभारणी करावी, असें लिट्ल यांनीं सुचविलें. वॉकर, लुइस आणि मॅकॲडम्स या त्याच संस्थेच्या तिघा अध्यापकांनीं १९२३ सालीं या विचारावर ग्रंथ लिहिला, आणि रासायनिक अभियांत्रिकी हा विषय जगभर त्या पायावर उभा राहिला.

येथें क्षणभर थांबावें असें वाटतें. एरवीं असें समजलें जातें कीं, उद्योगधंद्यांतला माणूस अभ्यासक्रमांत आला म्हणजे तो व्यवहार आणील, कृति आणील, आजच्या यंत्राचें ज्ञान आणील. आणि तत्त्वाचें राखण प्राध्यापकांनीं करावयाचें. प्रत्यक्षांत घडलें तें याच्या बरोबर उलट. प्राध्यापक धंदे एकेक करून सांगत बसले होते, आणि सर्व धंद्यांत समान काय आहे हें कारखान्यांच्या बाजूनें आलेल्या माणसानें सांगितलें. याचें कारणही दिसण्यासारखें आहे. ज्यानें एकच कारखाना पाहिला त्याला कृति दिसते. ज्यानें पन्नास पाहिले त्याला क्रिया दिसते. उद्योगधंद्यांकडून विद्यापीठाला मिळण्यासारखी सर्वांत मोलाची देणगी जर कोणती असेल तर ती ही, आणि ती एकट्या कारखानदाराकडून सहसा मिळत नाहीं. पुष्कळांनीं एकत्र येऊन, आपापल्या पाट्या बाजूला ठेवून बोलावें तेव्हां ती हातीं लागते.

लिट्ल यांची दुसरी सूचना व्यवहाराची होती, आणि ती १९१६ सालीं अमलांत आली. विद्यार्थ्यांना कारखान्यांत पाठवावयाचें, पण एकट्यानें नव्हे. त्यांच्याबरोबर संस्थेचा अध्यापकही तेथेंच जाऊन राहील. छायाचित्रणाच्या धंद्यांत नांव मिळविलेल्या जॉर्ज ईस्टमन यांनीं तीन लाख डॉलर दिले, निरनिराळ्या जातींच्या कारखान्यांत केंद्रें उघडलीं, आणि विद्यार्थ्यांच्या लहान लहान तुकड्या एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर जाऊं लागल्या. तेथें विद्यार्थी कारखान्याचा नोकर नसे. कारखान्यांत एखादें खरें कोडें असे: या नळींतून उष्णता वांया कां जाते, हा माल एके दिवशीं ओला आणि एके दिवशीं कोरडा कां निघतो, तें तुकडीला द्यावयाचें, तिनें मोजमाप घ्यावयाचें, हिशेब मांडावयाचा, आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यांसमोर उभें राहून आपलें म्हणणें सिद्ध करावयाचें. सिनसिनाटीच्या योजनेंत वेतन होतें व शिक्षक दूर होता. या योजनेंत शिक्षक जवळ होता व वेतन नव्हतें. ज्याच्या घरीं चूल पेटावयाची पंचाईत, त्याला पहिली योजना सोयीची, हें कोणीही कबूल करील.

हिंदुस्थानांत ही दुसरी वाट धरली ती राजस्थानांतील पिलानीच्या बिर्ला संस्थेनें. एमआयटीचें साहाय्य तिला होतेंच. १९७३ सालीं, चित्तरंजन मित्र हे संचालक असतां, तिनें कारखान्यांतील अध्ययन अभ्यासक्रमाचा भाग केलें. दोन वर्षें झालीं कीं उन्हाळ्यांत दोन महिने, आणि शेवटच्या वर्षीं एक सबंध सत्र, असा तो क्रम. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या संस्थेला शेजारीं कारखाने कोठून असणार? म्हणून तिनें आपला वर्गच दूरदूरच्या कारखान्यांत नेला. मुंबईच्या संस्थांना जें पायीं चालून मिळण्यासारखें होतें, त्यासाठीं पिलानीला देशभर आगगाडीनें फिरावें लागलें, आणि ती फिरली. येथें मुंबईकरांनीं थोडें ओशाळावें हें बरें.

जर्मनींतला मार्ग आणखी निराळा. १९७२ सालीं स्टुटगार्टमध्यें डेमलर-बेंझ, बॉश आणि आणखी एक कंपनी यांनीं पुढाकार घेतला. दोन वर्षांनीं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यानें त्यांतून व्यवसाय-अकादमी उभारल्या, आणि २००९ सालीं त्यांचें विद्यापीठ झालें. तेथें क्रमच उलटा आहे. आधीं कंपनी उमेदवार निवडते, त्याच्याशीं करार करते, त्याला वेतन देते. मग तो तीन महिने वर्गांत आणि तीन महिने कंपनींत, असें तीन वर्षें करतो. शिक्षण संपतां संपतां नोकरी बहुधा हातांत असते. आईबापांना याहून गोड बातमी कोणती? मात्र विद्यापीठाच्या दारावर विद्यार्थी निवडावयाला कंपनी उभी राहिली कीं, जिला जो नको तो विद्यार्थी त्या दारांतून आंत येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. ज्या देशांत लहानमोठे कारखाने हजारोंनीं या व्यवस्थेंत सामील आहेत तेथें एकाचा नकार दुसरा भरून काढतो. जेथें चारच मोठे कारखाने आहेत तेथें हीच व्यवस्था शिफारशीच्या चिठ्ठीपर्यंत घसरण्यास वेळ लागणार नाहीं.

आपल्याकडे सहकार्याचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे अभ्यासक्रम-समिति. सभेला बोलाविलेले कारखानदार एकदां येतात, चहा होतो, 'मुलांना व्यवहारज्ञान नाहीं' असा अभिप्राय नोंदला जातो, आणि पुढल्या सभेस त्यांचा दिलगिरीचा निरोप येतो. अभिप्राय खोटा नसतो. पण त्यावरून कोणता तास काढावा आणि कोणता घालावा हें ठरत नाहीं. साबणवाल्याला साबण जाणणारा मुलगा हवा, रंगवाल्याला रंग जाणणारा, आणि दोघांनाही तो पुढच्या सोमवारीं कामाला हवा. याच्या पुढची पायरी शिकविण्याची. विद्यापीठ अनुदान मंडळानें २०२२ सालीं असा नियम केला कीं, आपल्या व्यवसायांत निदान पंधरा वर्षें मुरलेल्या माणसाला, त्याच्याजवळ डॉक्टरची पदवी नसली तरी, विद्यापीठानें ठराविक मुदतीसाठीं प्राध्यापक म्हणून बोलवावें. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका कराव्या. नियम स्तुत्य आहे. मात्र असा माणूस महिन्यांतून एक व्याख्यान देऊन गेला तर तो पाहुणा. त्यानें वर्षभर उत्तरपत्रिका तपासल्या आणि मुलांच्या अडाणी प्रश्नांना तोंड दिलें, तरच तो शिक्षक.

उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ सालचा. १९७३ सालच्या दुरुस्तीनें अभियांत्रिकीचे पदवीधरही त्यांत आले, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा भार सरकार व कारखाना यांनीं वांटून घ्यावयाचा असें ठरलें. कायद्यानें वेतन ठरलें, शिकविणें ठरवितां आलें नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत कारखान्यांत गेलेला विद्यार्थी दोन महिने एका खोलींत कागदांच्या प्रती काढतो आणि शेवटीं सहीशिक्क्याचा दाखला घेऊन घरीं येतो, ही कथा इतक्या घरांत ठाऊक आहे कीं ती सांगण्याचें कारण नाहीं. दोष एकट्या कारखान्याचा नसतो. मुलगा तेथें काय करतो हें पाहण्यास विद्यापीठाचा माणूस दोन महिन्यांत एकदांही फिरकलेला नसतो. श्नायडर यांचा फिरता दुवा आणि लिट्ल यांचा निवासी अध्यापक, या दोन्ही योजनांत खर्च होतो तो नेमका याच माणसावर, आणि काटकसर सुरू होते तीही नेमकी याच माणसापासून.

आतां माटुंग्याच्या त्या विजोड जोडीकडे वळावें. १९३८ सालीं डॉ. कृष्णस्वामी वेंकटरमण हे विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या जागीं राहिले. १९४३ सालीं विभाग माटुंग्याच्या स्वतःच्या वास्तूंत आला. त्या सुमारास व पुढें धनिकांच्या आणि उद्योगपतींच्या देणग्यांतून औषधें, खाद्यपदार्थ, तेलें, प्लास्टिक अशा शाखा एकामागून एक जोडल्या गेल्या. वेंकटरमण स्वतः रंगरसायनाचे जगन्मान्य पंडित. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५२ पासून भागशः प्रसिद्ध होऊं लागला. आणि त्यानंतर चारच वर्षांनीं, १९५६ सालीं, इंग्लंडांत एका नव्या जातीचे रंग बाजारांत आले. तोंवरचे सुती कापडावरचे रंग तंतूला चिकटून राहत किंवा तंतूच्या आंत अडकून बसत. हे नवे रंग तंतूशीं रासायनिक बंध जोडून त्याच्याशीं एकजीव होऊं लागले. १९३५ सालीं पदवी घेऊन गिरणींत लागलेला विद्यार्थी त्या वेळीं जेमतेम पंचेचाळिशींत असणार. त्याच्या वहींत या रंगांची कृति असणें शक्य नव्हतें. बंध म्हणजे काय, हें ज्याच्या वहींत होतें, त्याला नवा रंग परका वाटण्याचें कारण नव्हतें.

याहून कठीण परीक्षा पुढें झाली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईंतील सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि ज्या धंद्यासाठीं वस्त्ररसायनाचा विषय काढला होता तो धंदा या शहरांतून जवळजवळ उठून गेला. सांच्यावर उभें राहून, जॉबरच्या हाताखालीं, भावाच्या किंवा गांववाल्याच्या शेजारीं विणण्याची कला शिकलेला कामगार त्या दिवशीं रित्या हातानें घरीं बसला. त्याची विद्या खोटी नव्हती. ती एका सांच्याशीं बांधलेली होती, आणि सांचा गेला. कोणत्याही विद्यापीठानें वा गिरणीनें त्याच्यासाठीं मिळून अभ्यासक्रम आंखला नव्हता. शिक्षण आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयीं जेव्हां जेव्हां बोललें जातें, तेव्हां बोलणें पदवीपाशीं थांबतें आणि हा माणूस राहून जातो.

माटुंग्याचा विभाग मात्र गिरण्यांबरोबर बंद पडला नाहीं. तेथून निघालेल्या केकी घारडा यांनीं रंगांपासून सुरुवात करून पुढें कीटकनाशकांचा मोठा उद्योग उभारला. अंजी रेड्डी यांनीं तेथें औषधशाखेंत शिक्षण घेतलें, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत संशोधन केलें आणि १९८४ सालीं औषधांची स्वतःची कंपनी काढली. एवढ्यावरून सारें श्रेय अभ्यासक्रमाला देणें बरोबर होणार नाहीं. कर्तबगार माणसें कोणत्याही शाळेंतून निघतात. तरीपण गिरण्यांच्या शहरांत, गिरण्यांच्या गरजेंतून निघालेल्या शाळेला गिरण्यांच्या पश्चात् जगतां आलें, यांत त्या दुसऱ्या, कोणत्याच धंद्याच्या नसलेल्या विषयाचा वांटा मोठा आहे. २००८ सालीं या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१८ सालीं इंडियन ऑइल या सरकारी तेलकंपनीच्या साहाय्यानें त्यानें भुवनेश्वरास नवी शाखा उघडली. तेथें पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी वर्ग आणि कारखाना यांत आळीपाळीनें राहतात. सिनसिनाटीची जोडी शतकानंतर ओडिशांत पोंचली म्हणावयाची. तेथेंही प्रश्न तोच उरतो कीं, एकाच मोठ्या कंपनीच्या आश्रयानें निघालेली शाळा पन्नास कारखान्यांच्या डोळ्यांनीं पाहूं शकेल काय.

माटुंग्यास वस्त्ररसायनाचा विषय अद्याप आहे. त्याचें नांव आतां तंतु व वस्त्रप्रक्रिया तंत्रविद्या असें झालें आहे. रंगाचा धंदाही संपलेला नाहीं, तो इचलकरंजी, सुरत, तिरुपूर अशा ठिकाणीं पसरला आहे. आणि तेथें गृहिणीच्या त्या जुन्या प्रश्नानें एक विचित्र वळण घेतलें आहे. तंतूशीं बंध जोडणाऱ्या रंगाचा सगळाच भाग कापडावर बसत नाहीं; कांहीं भाग पाण्याशींच संयोग पावतो आणि धुलाईबरोबर गटारांत जातो. कापडावर ऊन, साबण आणि घाम यांना दाद न देणारा पक्का रंग सांडपाण्यांत जीवजंतूंनाही सहजासहजीं दाद देत नाहीं. रंग जितका पक्का, तितकें तें पाणी निवळणें कठीण. तें पाणी नदींत सोडण्यापूर्वीं स्वच्छ कसें करावें, हा विषय अभ्यासक्रमांत घाला असें रंगखात्याचा अधिकारी आपण होऊन समितीपुढें येऊन सांगेल, अशी अपेक्षा करतां येत नाहीं. त्यांत त्याचा खर्च आहे. हा तास घालावयाचा झाल्यास तो विद्यापीठालाच घालावा लागेल, आणि त्याचे प्रयोग करण्यासाठीं पुन्हां त्याच रंगखात्याचें दार ठोठवावें लागेल.